विषादाचें औषध आणि त्याचें वाङ्मय

औषधाला सामान्यतः वाङ्मय नसतें. हिवतापावर क्विनाइन घेऊन बरा झालेला मनुष्य त्या कडू गोळीवर आत्मचरित्र लिहावयास बसत नाहीं. आणि इन्शुलिनच्या आधारानें जगणाऱ्या मधुमेह्यास, 'हें औषध घेणारा मी पूर्वीचाच आहें कीं दुसरा कोणी?' असा प्रश्न पडल्याचेंही फारसें ऐकिवांत नाहीं. या नियमाला गेल्या शतकाच्या अखेरीस एक ठळक अपवाद निर्माण झाला. २९ डिसेंबर १९८७ रोजीं अमेरिकेच्या सरकारी औषधखात्यानें फ्लुऑक्सेटिन या द्रव्याच्या विक्रीस परवानगी दिली. इंडियानापोलिस येथील एलाय लिली कंपनीनें तें 'प्रोझॅक' या नांवानें १९८८ च्या आरंभीं बाजारांत आणलें. आणि पुढील दहा वर्षांत या हिरव्या-पांढुरक्या कॅप्सूलभोंवतीं आत्मकथा, प्रबंध, वाद आणि प्रतिवाद यांचें एक स्वतंत्र दालनच उभें राहिलें. १९९० च्या मार्च महिन्यांत 'न्यूजवीक' साप्ताहिकानें ही कॅप्सूल आपल्या मुखपृष्ठावर छापली. एखाद्या राजपुरुषाला किंवा नटीला मिळावा असा मान एका औषधास मिळाला, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकानेंही लक्षांत घेण्याजोगी आहे.

वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे, आणि कोणती गोळी कोणीं घ्यावी हें सांगण्याचा आम्हांस अधिकारही नाहीं. परंतु या औषधाविषयीं सुशिक्षित समाजाचें जें मत बनलें तें प्रयोगशाळेंतील कोष्टकें वाचून बनलेलें नाहीं; तें पुस्तकें वाचून बनलें आहे. आणि एखादें पुस्तक आपल्या विषयास पुरें पडतें कीं नाहीं, हें पाहणें टीकाकाराचें कामच आहे. विल्यम स्टायरन यांचें 'डार्कनेस व्हिजिबल' (१९९०), डॉ. पीटर क्रेमर यांचें 'लिसनिंग टु प्रोझॅक' (१९९३), एलिझाबेथ वुर्ट्झेल यांचें 'प्रोझॅक नेशन' (१९९४) आणि लॉरेन स्लेटर यांचें 'प्रोझॅक डायरी' (१९९८) हीं चार पुस्तकें आम्हीं येथें विचारास घेतलीं आहेत. त्यांपैकीं पहिल्या तिहींचा बोलबाला मोठा झाला. चौथें तुलनेनें मागें राहिलें. आमच्या मतें, जी गोष्ट सांगण्याची खरी गरज होती ती या चौथ्यानेंच थोडीबहुत सांगितली आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. विषादावरील औषधांचा आरंभ प्रोझॅकपासून झाला असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. १९५२ सालीं न्यूयॉर्कमधील स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयरोग्यांना इप्रोनायझिड नांवाचें औषध देऊन पाहण्यांत आलें, तेव्हां खंगलेल्या रोग्यांची चित्तवृत्ति अकल्पितपणें उल्हसित झालेली डॉक्टरांना आढळली. पुढें स्वित्झर्लंडमध्यें म्युन्स्टरलिंगेन येथील रोलांड कून या मानसवैद्यांनीं इमिप्रॅमिनचा विषादग्रस्तांवर होणारा गुण पाहिला व १९५७ मध्यें तो प्रसिद्ध केला. म्हणजे प्रोझॅक येण्यापूर्वीं तीस वर्षें अशीं औषधें होतींच. पण त्यांच्याभोंवतीं असें वाङ्मय जमलें नाहीं. याचें कारण त्यांच्या गुणांत नव्हे, दोषांत सांपडतें. तोंडास कोरड पडणें, गुंगी येणें, हृदयाच्या गतींत बिघाड होणें, जादा मात्रेनें मृत्यूचें भय, कांहींच्या बाबतींत खाण्यापिण्याचें कडक पथ्य, इतका जाच सोसून तीं घ्यावयाचीं तर रोगही तसाच घोर असावा लागे. फ्लुऑक्सेटिनचा जाच त्या मानानें सौम्य. त्यामुळें सौम्य दुःखावरही तें देणें शक्य झालें. रुग्णालयांतल्या खाटेवरून औषध जेव्हां चालत्याबोलत्या, नोकरीचाकरीच्या माणसाच्या हातीं आलें, तेव्हां त्यावर पुस्तकें निघालीं. या वाङ्मयाचा उगम आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका गोष्टींत आहेत.

स्टायरन यांचें पुस्तक या मालिकेंत घालणें कोणास चमत्कारिक वाटेल, कारण त्यांचें दुखणें १९८५ चें, म्हणजे प्रोझॅकपूर्वींचें. परंतु या विषयावर मोकळेपणीं लिहिण्याची वाट त्यांनींच पाडली. 'सोफीज चॉइस' या कादंबरीचे हे कर्ते त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत एक मानाचें पारितोषिक घेण्याकरितां पॅरिसला गेले, आणि सन्मानाच्या ऐन दिवशीं आपलें मन आपल्या ताब्यांत उरलेलें नाहीं हें त्यांना कळून चुकलें. त्यांना एकामागून एक दोन विषादहारक औषधें देण्यांत आलीं. एकानेंही गुण आला नाहीं. आणि झोपेसाठीं मिळालेल्या हॅल्शन या गोळीनें आत्मघाताकडील ओढा वाढला, अशी त्यांची तक्रार आहे. जीव देण्याचा निश्चय झालेल्या रात्रीं एका चित्रपटांतून ब्राम्सच्या 'आल्टो ऱ्हॅप्सडी'चे सूर कानीं पडले आणि ते भानावर आले. पुढें सुमारें सात आठवडे रुग्णालयांत राहून ते बरे झाले. पुस्तक अगदीं लहान आहे, आणि तोच त्याचा मोठा गुण. जें वर्णनापलीकडचें आहे असें लेखक सांगतो, त्याचें वर्णन तो फुगवीत बसत नाहीं. जेवणाच्या टेबलावरची एखादी चूक, हरवलेला एखादा कागद, एवढ्यावरून तो आपणांस काळोखाच्या कांठापर्यंत नेतो.

इंग्रजींतील 'डिप्रेशन' या शब्दावर स्टायरन यांचा राग आहे. व्यापारांतील मंदीला आणि जमिनींतील खळग्यालाही चालणारा हा फिका शब्द एवढ्या भयंकर व्याधीला लावावा, हें त्यांना सहन होत नाहीं. मराठींत तरी याहून बरी स्थिति आहे काय? 'उदासीनता' ही मुळांत तटस्थता; साधूंचा तो गुण मानतात. 'नैराश्य' म्हणजे आशा सुटणें. तें परीक्षेंत नापास झालेल्या विद्यार्थ्यालाही येतें. 'खिन्नता' तर एका संध्याकाळीं येऊन दुसऱ्या सकाळीं जाणारी. आम्हीं या लेखांत 'विषाद' शब्द पत्करला आहे, कारण गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नांवांतच तो आहे, आणि तेथें तो शरीराच्या लक्षणांसह येतो: गात्रें गळतात, तोंड कोरडें पडतें, अंगास कंप सुटतो. तथापि अर्जुनाच्या विषादास समोर उभें कारण होतें, आणि उत्तर देणारा सारथीही जवळ होता. ज्या विषादाचें कारण शोधून सांपडत नाहीं आणि ज्यावर उपदेशाची मात्रा चालत नाहीं, त्याला आपल्या भाषेनें अजून स्वतंत्र नांव दिलेलें नाहीं. घरोघरीं इंग्रजी शब्दच रूढ झाला आहे तो केवळ फॅशन म्हणून नव्हे.

स्टायरन यांच्या पुस्तकाच्या अखेरीस, नरकयात्रा संपवून वर येणाऱ्या दांतेला दिसलेल्या ताऱ्यांचें स्मरण आहे. वाङ्मयाच्या दृष्टीनें हा शेवट सुंदर आहे. चरित्राच्या दृष्टीनें तो शेवट नव्हता. त्यांच्या कन्या अलेक्झांड्रा स्टायरन यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींवरून दिसतें कीं हा रोग त्यांच्या उतारवयांत पुन्हां परतला. रोगाला पुनरावृत्ति असते, पुस्तकाला मात्र शेवट लागतो. ही विसंगति पुढील पुस्तकांत वाढतच गेली.

डॉ. क्रेमर हे अमेरिकेंतील प्रॉव्हिडेन्स गांवीं व्यवसाय करणारे आणि ब्राउन विद्यापीठांत शिकविणारे मानसवैद्य. त्यांचा ग्रंथ या चारींत सर्वांत विद्वत्तापूर्ण आणि सर्वांत मोहक आहे. त्याची नायिका टेस नांवाची एक स्त्री आहे. दहा भावंडांत ती थोरली, वडील व्यसनी, त्यांच्या मृत्यूनंतर आईनें अंथरूण धरलें आणि संसार या मुलीच्या अंगावर पडला. मोठेपणीं ती व्यवसायांत कर्तबगार ठरली, पण विषादानें ग्रासली. इमिप्रॅमिननें ती बरी झाली. प्रोझॅकनें ती निराळीच झाली. बुजरी होती ती धीट बनली, सोशिक होती ती वाटाघाटींत पुरून उरूं लागली, तिला स्नेही मिळाले. औषध थांबविल्यावर कांहीं काळानें ती परत आली आणि आपण आपल्यासारख्या राहिलों नाहीं अशी तक्रार करूं लागली. जन्मभर जी तिची वृत्ति होती ती तिला परकी वाटूं लागली, आणि औषधानें आलेली वृत्ति आपली वाटूं लागली! यावरून डॉ. क्रेमर विचारतात कीं मनुष्याचा खरा स्वभाव कोणता? जो रोगी नाहीं त्याला अधिक तेजस्वी करण्याकरितां, चेहऱ्यास प्रसाधन लावावें त्याप्रमाणें मनास औषध लावावें काय?

प्रश्न मोठा आहे आणि मांडणीही प्रामाणिक आहे. परंतु एक गोष्ट वाचकाच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. या ग्रंथाचा पुरावा शास्त्रीय नसून कादंबरीचा आहे. टेसचें पूर्ववृत्त, तिचा कडेलोट, तिचें परिवर्तन आणि शेवटीं तिच्या तोंडचा तो चकित करणारा उद्गार, हें सारें कसलेल्या कथालेखकाच्या हातचें आहे. आपला विश्वास बसतो तो औषधाच्या गुणावर नव्हे, स्वभावचित्रणाच्या गुणावर. आणि या नायिकेचें सुधारणें मोजलें कशानें? तर नोकरींतल्या यशानें आणि वाढत्या स्नेहीमंडळानें. म्हणजे बाजारपेठेला जे गुण प्रिय आहेत तेच मनाच्या आरोग्याचें माप ठरले. ही शंका खुद्द ग्रंथकारानेंही उपस्थित केली आहे. पण उपस्थित करून ती जागच्या जागीं सोडून दिली आहे.

क्रेमर यांच्या विरोधकांनींही कादंबरीचाच आधार घ्यावा, यांत आश्चर्य नाहीं. आल्डस हक्स्ले यांनीं १९३२ सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' मध्यें राज्यकर्त्यांच्या सोयीसाठीं प्रजेला वांटण्याच्या एका गुंगीच्या गोळीस आपल्या वैदिक सोमाचें नांव दिलें. तें नांव घेऊन प्रोझॅकला नांवें ठेवण्याची पद्धतच पडली. उपमा सोपी आहे, पण चुकीची. सोमाच्या गोळीनें तत्काळ सुख होतें. फ्लुऑक्सेटिनला गुण दाखवावयास आठवडे लागतात, आणि निरोगी मनुष्य त्यानें धुंद होत नाहीं. ज्याला सकाळीं अंथरुणांतून उठून दांत घासणें हाच डोंगर वाटतो, त्याला उठून बसण्याइतकें बळ मिळालें तर त्यास विलास म्हणणें ही निर्दयता आहे.

वुर्ट्झेल यांच्या 'प्रोझॅक नेशन' वर टीकाकारांनीं फार कठोर प्रहार केले. ते सर्वस्वीं अन्यायाचे होते असें नाहीं. पुस्तक पाल्हाळिक आहे. लेखिका हार्वर्डसारख्या विद्यापीठांत शिकलेली असून आपल्या दुःखाखेरीज तिला दुसरें कांहीं दिसत नाहीं. परंतु हा दोष आहे कीं हेंच सत्य आहे? विषादग्रस्त मनुष्य कंटाळवाणा असतो, आप्तेष्टांना तो थकवून सोडतो, आणि आपण थकवितों हें कळूनही त्याला थांबतां येत नाहीं. स्वतःला असें अप्रिय करून दाखविण्याचें धैर्य या तरुण लेखिकेनें दाखविलें. स्टायरन यांच्या भारदस्त शैलींत ही बाजू झांकली गेली होती. १९९४ नंतर अनेकांनीं याच धाटणीवर आत्मकथा लिहिल्या. लेखिका २०२० च्या जानेवारींत ५२ व्या वर्षीं कर्करोगानें वारली. गंमत अशी कीं, ज्या गोळीचें नांव ग्रंथास आहे ती ग्रंथाच्या अगदीं शेवटीं येते. आणि ती येतांच ग्रंथ संपत येतो. अखेरच्या प्रकरणांत, जें औषध आपल्या जिवावरच्या दुखण्यावर आलें तें आतां सर्वांच्या तोंडीं थट्टेचा विषय झालें, याबद्दल लेखिका अस्वस्थ आहे. पण त्या सर्वांचें काय, हें पाहण्यास ती थांबत नाहीं.

येथें आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यापाशीं आलों. या तिन्ही पुस्तकांची घडण नाटकाची आहे: संकट येतें, तें पराकोटीस जातें, आणि मग सुटका होते. स्टायरन यांस ती रुग्णालयांत मिळाली, इतर दोघांच्या ग्रंथांत गोळीनें मिळाली, एवढाच फरक. १९९७ मध्यें अमेरिकेंत दूरचित्रवाणीवरील औषधांच्या जाहिरातींचे निर्बंध सैल झाल्यावर जाहिरातवाल्यांनींही हीच घडण उचलली. आतां वस्तुस्थिति पहा. अमेरिकन सरकारच्या आरोग्य-आंकडेवारीप्रमाणें २०१५ ते २०१८ या काळांत तेथील प्रौढांपैकीं १३.२ टक्के लोकांनीं मागील तीस दिवसांत विषादहारक औषध घेतलेलें होतें. पुरुषांत हें प्रमाण ८.४ टक्के, स्त्रियांत १७.७ टक्के, आणि साठ वर्षें व त्यावरील स्त्रियांत २४.३ टक्के. त्याच खात्याच्या २०११ ते २०१४ च्या पाहणींत, हीं औषधें घेणाऱ्यांपैकीं एकचतुर्थांश लोक तीं दहा वर्षें किंवा अधिक काळ घेत होते असें आढळलें. चिठ्ठी देणारे बहुधा मानसवैद्य नव्हेत, घरचे नेहमीचे डॉक्टर. म्हणजे खऱ्या जगांत हें औषध प्रलयाचें राहिलेलें नाहीं. तें सकाळच्या चहाशेजारचें झालें आहे. जी साठ-पासष्टीची बाई दहा वर्षें रोज एक गोळी घेते, जिचा उद्धारही झाला नाहीं आणि नाशही झाला नाहीं, जिला आपण ती कां सुरू केली हें अंधुक आठवतें आणि बंद केली तर काय होईल याची भीति वाटते, ती या वाङ्मयांत कोठें आहे? कोठेंच नाहीं. औषधाचा खरा विस्तार सवयींत झाला, आणि वाङ्मय मात्र संकटाचेंच राहिलें.

वैद्यकाच्या स्वतःच्या वाङ्मयाचीही अशीच कथा आहे. २००८ सालीं एरिक टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बारा विषादहारक औषधांच्या, सरकारी दप्तरीं नोंदलेल्या ७४ चाचण्यांचा छडा लावला. ३८ चाचण्या औषधास अनुकूल होत्या; त्यांपैकीं एक सोडून सर्व छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकीं २२ छापल्याच गेल्या नाहींत, ११ अनुकूल भासतील अशा रीतीनें छापल्या गेल्या, आणि केवळ ३ जशाच्या तशा प्रसिद्ध झाल्या. संपादकानें नापसंत प्रकरणें गाळून काढलेल्या चरित्रास जी किंमत द्यावी तीच या संग्रहास द्यावी लागेल. पुढें २०१८ सालीं आंद्रेआ चिप्रियानी प्रभृतींनीं अप्रकाशित माहितीही धुंडाळून २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा निघाला कीं एकूणएक औषधें नुसत्या भुलीच्या गोळीपेक्षां अधिक गुणकारी आहेत, पण सरासरीचा फरक बेताचाच आहे. विषाद म्हणजे मेंदूंतील सेरोटोनिनची तूट, हें जें सुटसुटीत स्पष्टीकरण वर्षानुवर्षें लोकांना ऐकविलें गेलें, त्यास भक्कम पुरावा नाहीं, असें जोआना मॉन्क्रीफ प्रभृतींनीं २०२२ मध्यें दाखविलें. यावरून औषध निरुपयोगी ठरतें असें मात्र नव्हे, कारण गुण येणें आणि गुणाचें कारण कळणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. 'बेताचा गुण' हे दोन शब्द नाटकाला निरुपयोगी आहेत. त्यांवर पडदा पाडतां येत नाहीं. पण बहुसंख्य लोकांचें आयुष्य याच दोन शब्दांत चाललेलें असतें.

म्हणूनच स्लेटर यांची 'प्रोझॅक डायरी' आम्हांस मोलाची वाटते. हें औषध घेणाऱ्या अगदीं पहिल्या लोकांत त्या होत्या, आणि त्यांचें पुस्तक गोळी लागू पडल्यावर संपत नाहीं, तेथेंच सुरू होतें. बालपणापासून आजारी असलेल्या माणसाला आरोग्य ही परकी मुलूखगिरी वाटते. आजाराभोंवतीं रचलेले दिवस मोकळे झाल्यावर त्यांचें करावयाचें काय, हें कळेनासें होतें. पुढें औषधाचा गुण एकाएकीं ओसरतो, मग थोडाबहुत परत येतो. शरीरसुखाची इच्छा मंदावते. लिहिण्याची ऊर्मि औषधानें आटली काय, अशी शंका येते. आणि या सर्वांसह नोकरी, विवाह, संसार चालूच राहतो. पुस्तकास दोष आहेत. अलंकारांची हौस फार आहे. शिवाय याच लेखिकेनें २००० सालीं 'लायिंग' नांवाच्या आत्मकथेंत सत्य आणि कल्पित यांची सरमिसळ उघडपणें केली, त्यामुळें तिच्या शब्दावर किती विसंबावें हा प्रश्न उरतोच. तथापि औषधाबरोबर नांदणें हा विषय तिनें प्रथम ओळखला, हें श्रेय तिचेंच.

हा वाद आपल्याकडे जसाच्या तसा उचलून आणणाऱ्यांस मात्र एक इशारा देणें अवश्य आहे. साध्या शोकासही रोग ठरवून त्यावर गोळ्या दिल्या जातात, ही तक्रार अमेरिकेंत ॲलन हॉरविट्झ आणि जेरोम वेकफील्ड यांनीं 'द लॉस ऑफ सॅडनेस' (२००७) या ग्रंथांत साधार मांडली, आणि तिकडे ती रास्त आहे. परंतु बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें आपल्या देशांतील बारा राज्यांत जी पाहणी केली तींत विषादानें पीडलेल्यांपैकीं सुमारें ८५ टक्के लोकांना कोणताच उपचार मिळत नसल्याचें दिसून आलें. तिकडे प्रश्न अतिरेकाचा, इकडे अभावाचा. 'मन घट्ट कर, सर्व कांहीं ठीक होईल,' असें सांगून आपण ज्याला परत पाठवितों त्या मुलाच्या हातीं प्रोझॅकविरोधी ग्रंथ देणें म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे तोटे समजावणें होय. तसेंच, जे आज औषध घेत आहेत त्यांनीं असले वाद वाचून तें एकाएकीं सोडणें धोक्याचें आहे. तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळूच कमी करावें लागतें. मराठींत या विषयास सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटानें हात घातला व २०१७ सालीं त्यास राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालें. त्यांत विषादग्रस्त तरुणाचा उद्धारकर्ता कोणी एक नाहीं. घर, जेवण, समुद्र आणि घाई न करणारीं माणसें यांच्यामध्यें तो हळूहळू सावरतो. ही संथ गति आम्हांस त्या तीन नामांकित ग्रंथांच्या नाटकापेक्षां सत्याच्या जवळची वाटते.

सारांश, गोळीचें काम पीडा हलकी करण्याचें. तें ती पुष्कळांच्या बाबतींत बेतानें, कांहींच्या बाबतींत उत्तम रीतीनें करते, आणि कांहींच्या बाबतींत मुळींच करीत नाहीं. आपण कोण आहों आणि आपल्या वांट्यास आलेल्या दुःखाचें काय करावें, हें सांगण्याचें काम तिचें नव्हे. तें काम तिच्यावर लादणारे भक्त आणि तें तिला जमलें नाहीं म्हणून रागावणारे निंदक, दोघेही एकच चूक करतात. तें काम वाङ्मयाचें आहे. रोज सकाळीं मुकाट्यानें गोळी घेऊन कामाला लागणाऱ्या लक्षावधि माणसांपैकीं एकाचें तरी साधें, खरें, शेवट नसलेलें चरित्र लिहिलें जाईल तेव्हां हें वाङ्मय आपल्या विषयास पुरें पडलें असें म्हणतां येईल. तोंवर या दालनांत नायक पुष्कळ आहेत. माणसें मात्र थोडीं आहेत.